गंगाबाई आणि छताचा पांढरा डबा

गव्हाणच्या गंगाबाईनं जन्मात कोणावर चटकन विश्वास ठेवला नाही. पनवेलला उरण नाक्याच्या बाजारात ती मासळीची पाटी घेऊन बसायची. होडीवाला सख्खा दीर असला तरी त्याची कोलंबी आधी नाकाला लावायची, मगच पाटीत घ्यायची. नवरा काशिराम लवकर गेला. दोन्ही मुलं तिनं या संशयी स्वभावाच्या बळावरच वाढवली. पुढं मुलं नोकरीला लागली आणि जुन्या घराच्या जागी तीन मजली घर उभं राहिलं. खाली ती, मधल्या मजल्यावर थोरला परेश आणि त्याची बायको किशोरी, वर धाकटा शैलेश आणि समृद्धी.

२०१६ साली घरात वायफाय आलं. राउटर शैलेशच्या खोलीत होता. परेशकडे नेट रडतखडत चालायचं आणि तळमजल्यावर तर पोचायचंच नाही, कारण स्लॅब जाड. जेवायला मात्र सगळे खाली बसायचे. तेव्हा शैलेशनं जिन्यातून वायर खाली सोडली आणि प्रत्येक मजल्याच्या छताला थाळीएवढा एकेक पांढरा डबा ठोकला. तिन्ही डब्यांचं नाव एकच, पासवर्डही एकच. माणूस जिना उतरला की फोन आपसूक जवळचा डबा धरतो, असं त्यानं आईला समजावलं.

गंगाबाईला नेमकं तेच खटकलं. तीन वस्तू आणि नाव एक, यात काहीतरी लपवाछपवी असणार. शिवाय तिच्याकडे साधा बटणांचा फोन, मग निळा दिवा लावून हा डबा छताला बरोबर तिच्याच पलंगाच्या वर कशाला?

त्याच आठवड्यात बाजारात तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ही गोष्ट तिनं फक्त सोनाबाईला सांगितली. सोनाबाई शेजारीच पाटी लावणारी, तरुणपणापासूनची मैत्रीण. सांगितली ती आपल्या खोलीत, त्या डब्याखालच्या पलंगावर बसून. दुसऱ्या सकाळी किशोरीनं सासूच्या हातातली पाटी काढून घेतली आणि समृद्धी म्हणाली, डॉक्टरकडे जाऊन येऊ. कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. गंगाबाईनं वर छताकडे पाहिलं.

तिनं स्टुलावर चढून डब्याला फडकं बांधलं. दिवा फडक्यातूनही दिसत राहिला. मग तिनं वायर उपटली. जेवताना शैलेशच्या फोनवर मधल्या डब्याच्या सिग्नलची जेमतेम एक रेघ उरली. तो उठला आणि वायर पुन्हा खोचली.

"आये, यात माइक नाय, कॅमेरा नाय. रेडिओसारका हाय तो."

"रेडिओ बोलतो. बोलतो तो ऐकतबी असंल."

शैलेश हसला आणि भात कालवू लागला. गंगाबाईनं त्या हसण्याचाही अर्थ लावला.

मग तिनं खात्री करायचं ठरवलं. घरात कोणी नसताना डब्याखाली उभी राहून ती मोठ्यानं म्हणाली, की पाटल्या विकून मी करंजाला भावाकडे राहायला जाणार. हे डब्यातून कानावर गेलं असतं तर दोन्ही मुलं धावत घरी आली असती. पण रात्रीपर्यंत कोणी विषयही काढला नाही. नंतर बाजारात तिनं सोनाबाईच्या कानात हळूच सांगितलं, डावा पाय बधिर होतोय. तेही खोटंच होतं.

संध्याकाळी समृद्धी कोमट तेलाची वाटी घेऊन खाली आली. "आये, पाय पुढं करा."

गंगाबाईनं धडधाकट पाय पुढं केला. सून तो मन लावून चोळत होती आणि गंगाबाईला मान वर करवेना. डब्यानं चुगली केली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सोनाबाईला सरळ विचारलं. सोनाबाईनं बोंबील साफ करता करता कबूल केलं.

"मीच सांगते. समृद्धी मना फोन करते. तू घरात काय बोलत नाय, मंग त्यांनी कोनाला इचारायचं?"

गंगाबाईनं पाटी उचलली आणि बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. इतक्या वर्षांत सोनाबाईजवळ आपण काय काय बोललो आणि त्यातलं कुठं कुठं पोचलं असेल, हे ती गिऱ्हाइकाशी बोलतानाही मनात उलगडत होती. किशोरीनं चहा दिला तरी तिच्या चेहऱ्याकडे बघून मगच कप घ्यायची.

अशाच एका दुपारी तिला पुन्हा अंधारी आली, आणि या वेळी ती बसल्या जागी कलंडली. डोळे उघडले तेव्हा डोकं सोनाबाईच्या मांडीवर होतं, आणि सोनाबाई तिच्यादेखतच समृद्धीला फोनवर बोलावून घेत होती. पनवेलच्या डॉक्टरनं रक्तदाब वाढल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि उन्हात बसणं कमी करायला लावलं.

गंगाबाई पुन्हा सोनाबाईशेजारी पाटी लावू लागली. बोलणं होतं, हसणंही होतं, फक्त आतलं काही ती आता तिला सांगत नाही. डोकं जड झालं की घरी येऊन स्वतःच समृद्धीला सांगते, आणि वर बजावते, "दुसऱ्या कोनी सांगायच्या आदी मीच सांगितलं, ध्यानात ठेव."