वसंतमामांना हवी असलेली पाटी

"बुढा चांगला होता, पण त्या पाटीचं खूळ डोक्यातून गेलं नाई त्याच्या." वसंतमामांच्या तेरवीच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं. मी भात वाढत होते. ऐकलं, आणि पुढच्या पानाकडे सरकले...

वसंतमामा माझ्या आईचे मोठे भाऊ. एसटी डेपोत मेकॅनिक होते, निवृत्तीनंतर सिंदी मेघ्यात राहायचे. नऊ वर्षांचे असताना आजोबांनी त्यांना वर्ध्याच्या एका वसतिगृहात ठेवलं. तिथला अधीक्षक लहान मुलांना आपल्या खोलीत बोलवायचा. मामा एकदा पळून पायी घरी आले. "आबानं जेवू घातलं, अन् सायकलवर बसवून परत नेऊन सोडलं," एवढंच ते आजोबांबद्दल सांगायचे. अधीक्षक कधीच वारला होता. मामांना फक्त वसतिगृहाच्या फाटकाशी एक पाटी हवी होती: इथं मुलांवर अत्याचार झाले आणि त्यांचं कोणी ऐकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अर्ज टाइप करायला त्यांनी मला बोलावलं. "माझं नाव टाकजो, लपवू नको," म्हणाले आणि न थांबता सांगत गेले. अडखळले ती मी. 'लैंगिक अत्याचार' हे शब्द टाइप केले, पुसले आणि लिहिलं, 'शिस्तीच्या नावाखाली झालेला त्रास'. अर्जाखाली माझा मोबाइल नंबर जाणार होता, हेही मनात होतं...

मामांनी सावकाश वाचलं. "काऊन बदललं, बेटा?"

"ऑफिसात असंच लिहितात, मामा."

त्यांनी सही केली. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचं उत्तर आलं, त्या काळच्या शिस्तीमुळेच आपल्यासारखे नागरिक घडले. मामांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि हसले. "तुही मराठी लय साफ आहे. एक डाग राहू देला नाई."

पुन्हा त्यांनी माझ्याकडून काही लिहून घेतलं नाही. शेवटी सावंगीच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेले तेव्हाही मी माझ्या परीक्षेबद्दलच बोलत बसले.

मागच्या आठवड्यात नवा अर्ज लिहून मी संस्थेच्या कार्यालयात गेले. प्रवेशासाठी आलेले पालक बाकावर बसले होते. कारकुनानं आवक रजिस्टर उघडलं. मी अर्ज पुढे सरकवला.

"तोंडी सांगा ना ताई, किती वाचत बसू? विषय काय?"

मी मान वर केली.

"लिहा. तुमच्या वसतिगृहात लहान मुलांवर लैंगिक अत्याचार झाले. माझे वसंतमामा त्यांतले एक होते. त्यांची पाटी फाटकाशी लावायची आहे. आणि मागच्या अर्जात हे खोडलं होतं, ते मी."