नुसता कानाला धरा

“लावू नका बाई, नुसता कानाला धरा.”

हे वाक्य माझं. ज्या बाईला म्हटलं तिचं नाव कांताबाई. तिच्या मागे आमचा बंब उभा होता, बाजूला ‘आग लागल्यास १०१’ असा बॅनर होता, आणि मी समोरून फोटो काढत होतो.

मी नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात लिडिंग फायरमन आहे. म्हणजे शिफ्टचा प्रमुख. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, नाव लिहीत नाही. लिहिलं तर चार माणसं अडचणीत येतील, आणि यातला सगळ्यात मोठा वाटा माझा आहे.

हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्यांच्या वस्तीवर आगीचं प्रात्यक्षिक घ्यायचं, फोटो जोडून अहवाल पाठवायचा, असा वरून आदेश होता. आमच्या हद्दीत सात किलोमीटरवर देवगाव फाट्याकडून आलेली टोळी उतरली होती. बांबू, ताडपत्री आणि उसाचं वाळलेलं पाचट यांच्या कोप्या, एका ओळीत. पाचट म्हणजे आगीला आमंत्रणच.

मी शिकवलं ते पुस्तकातलं होतं. आधी १०१ ला फोन करा. मग एकानं रस्त्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवा. कांताबाई पुढे बसून मन लावून ऐकत होती. फोटोसाठी तिलाच उभं केलं.

“खरंच लावू का सायेब? वाजतो का बगू की.”

“नको, नको. नुसता कानाला धरा.”

बायका हसल्या. “कांते, नवऱ्याला लावल्यावानी तोंड कर,” एक म्हणाली. तिनं पदर सारखा केला. फोटो छान आला.

लावू नका का म्हणालो, ते आता सांगतो. आमची १०१ ची लाइन तेव्हा दोन महिने बंद होती. नालीच्या खोदकामात जेसीबीनं केबल तोडली होती. मी मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं होतं.

“गावात कुणी करतं का १०१ ला फोन?” त्यांनी विचारलं.

“नाही साहेब. सगळे आपल्या ड्रायव्हरला, रशीदभाईंनाच करतात.”

“मग अडलंय कुठं? अहवालात चालू लिहा. बंद लिहिलं की वरून विचारणा सुरू होते.”

मी चालू लिहिलं. रशीदभाईंनी वाचलं आणि म्हणाले, “कागज पे बज रा है ना, बस हो गया.” आम्ही दोघंही हसलो. गावाचं खरंच काही अडत नव्हतं. पोरासोरांनाही रशीदभाईंचा नंबर पाठ. १०१ वर विसंबणार कोण? ज्याला इथं कुणी ओळखत नाही तो. आणि नेमक्या त्याच लोकांना मी तो नंबर शिकवून आलो.

पुढच्याच महिन्यात, भर दुपारी, रशीदभाईंना एका दूधवाल्याचा फोन आला. वस्ती पेटली होती. आगीच्या खबरेला आमच्यात वर्दी म्हणतात. वर्दी मिळाली एक पन्नासला. आम्ही पोचलो दोन वाजून एक मिनिटाला. त्या रस्त्याला अकरा मिनिटं म्हणजे लवकरच.

कांताबाई रस्त्यावर उभी होती. फोन कानाला. फोटोत उभी केली होती, अगदी तशीच.

तिच्या मागे सगळी ओळ जळून बसली होती. माणसं फडात ऊस तोडत होती. ती तापामुळे मागे राहिली होती. पहिल्या कोपीत चुलीची ठिणगी उडाली, तेव्हा तिनं लेकरं बाहेर काढून बांधावर बसवली. तिची सासू पायानं अधू. ती शेवटच्या कोपीत होती आणि आग तिथून लांब होती. सासूला एकटीनं ओढत न्यायचं, की साहेबांनी सांगितलं तसं फोन करून रस्त्यावर थांबायचं? तिनं साहेबांचं ऐकलं. फोनची रेंजही रस्त्यावरच होती. मग वारा फिरला.

केबल तुटली तरी लावणाऱ्याला रिंग ऐकू येते. आमच्या टेबलावर फोन मुका, आणि तिच्या कानात तो वाजतोय. आता उचलतील, आता उचलतील म्हणत ती थांबली. तिचा मोबाइल मी हातात घेऊन बघितला. १०१, सतरा वेळा.

आम्ही पाणी मारलं. विझवायला फारसं काही उरलं नव्हतं. म्हातारीला रशीदभाईंनी आणि मी बाहेर काढलं. त्याबद्दल लिहिणार नाही.

चौकशी झाली. मुख्याधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडलं.

“वर्दी कधी मिळाली?”

“एक पन्नास.”

“गाडी पोचली?”

“दोन एक.”

“मग उशीर कुठंय?”

रजिस्टरमध्ये उशीर नव्हताच. जी वर्दी आमच्यापर्यंत आली नाही, तिचा रकाना नसतो. ‘खबर मिळताच तत्काळ रवाना’ या जबाबाखाली मी सही केली. चार दिवसांत गुपचूप केबल जोडली गेली. पत्र नाही, नोंद नाही.

इथवरचं कधी ना कधी कुणीतरी शोधून काढलं असतं. पुढचं फक्त मला माहीत आहे.

टोळी परत जायच्या आदल्या दिवशी कांताबाई केंद्रावर आली. एकटीच. आत आली नाही, दारातच उभी राहिली. टेबलावरच्या फोनकडे बघत म्हणाली, “सायेब, योक इचारू? मला लिवता वाचता येत न्हाई. माजंच बोट चुकलं का? वाजायलता, पर कुनी उचलंना. दुसरीकडंच लागला आसंल का?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तुमचं बोट बरोबर पडलं होतं, फोन आमचा बंद होता.

मी म्हणालो, “घाईत चुकतं माणसाचं, बाई.”

तिनं मान हलवली. “तसंच झालं आसंल,” म्हणाली आणि गेली.

पुढच्या हंगामात दुसरी टोळी आली. मी मुकादमाकडे चौकशी केली. ती आता तोडीला येत नाही, एवढंच कळलं. देवगाव फाट्याला दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा तिचं गाव सापडलं नाही. दुसऱ्यांदा सापडलं, आणि मी वेशीवरूनच एसटीनं परत आलो.

त्या वर्षीच्या अहवालात आमचं प्रात्यक्षिक उत्कृष्ट ठरलं. तिचा फोटो फ्रेम करून केंद्रात लावलाय, अजून तिथंच आहे. आता मी वस्तीवर गेलो की आधी समोरच्या माणसाला खरा फोन लावायला लावतो. केंद्रात उचलला गेला तरच बोलायला सुरुवात करतो. शिकायचं होतं ते एवढंच. त्याला दोन मिनिटं लागतात.