स्नेहलचं अर्धं पान

माझी वर्गमैत्रीण स्नेहल कांबळे. एमएस्सीचं दुसरं वर्ष, दिवाळीनंतरचा मुरगूडचा पहिला बाजार, सकाळी नऊ — तेव्हा मी तिचा घात केला. हे मी आईलाही सांगितलेलं नाही, ज्या शेतकरी संघटनेत मी काम करते तिथं तर नाहीच.

त्या बाजारात आम्ही संघटनेच्या नावानं वाटलेलं पत्रक मी लिहिलेलं होतं. ‘जीन बदललेले जंतू तुमच्या रानात!’ — ठळक, लाल शाईत. जंतू होते कोल्हापुरात, कॉलेजच्या लॅबमधल्या बंद थाळीत. मला माहीत नव्हतं? शेजारच्याच टेबलावर बसायचे की मी!

स्नेहल बटाटा सडवणाऱ्या बॅक्टेरियावर काम करायची. तिनंच समजावलं होतं — हे एकेकटे काही करत नाहीत. प्रत्येक जण एक संकेत-रेणू बाहेर सोडतो. ते पुरेसे साठले, की सगळे मिळून सडवायला लागतात. तो रेणू बनवायचा निरोप जनुकाकडून आरएनएवर उतरतो. त्याला बरोब्बर उलटा जुळणारा दुसरा आरएनए, म्हणजे अँटिसेन्स, येऊन चिकटला, तर निरोप असतो, पण वाचला जात नाही. बॅक्टेरिया स्वतःसुद्धा ही युक्ती वापरतात. सडणं थांबवायला स्नेहल तीच त्यांच्यावर लावून बघत होती.

एवढं कळत असून तसं का लिहिलं? पत्रकाला पहिल्या ओळीत शत्रू लागतो — आम्हाला तसंच शिकवलंय. ‘बंद थाळीत’ हे शब्द मी खोडले. जागा नव्हती म्हणून? छे. जागा होती.

स्नेहल मुरगूडचीच, आणि ती जंतूंवर काम करते हे गावाला ठाऊक. संध्याकाळी तिच्या दारात माणसं जमली. तिचे वडीलच विचारायला लागले — रानात काय सोडलंयस गं?

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ती माझ्यासमोर उभी. “तुला तर सगळं ठावं हाय की गं!” रडली नाही. अर्धं पान खुलासा हातात दिला. “फुडच्या बाजाराला ह्ये वाट.”

“व्हय, छापायला देते.”

दिला नाही. फाइलीत घातला. आणि बाजार झाल्यावर तिला सांगितलं — वाटला, पण लोक वाचतच न्हाईत गं. तिनं विश्वास ठेवला. महिन्याभरात वडील तिला कोल्हापूरहून कायमचं घरी घेऊन गेले. प्रयोग थांबला, एमएस्सीही.

माफी मागत नाही. ते लाल पत्रक अजून तुमच्या घरात असेल, तर फाडू नका. त्याच्या मागं स्नेहलच्या खुलाशातलं पहिलं वाक्य लिहा — ‘हे बॅक्टेरिया थाळीबाहेर गेलेले नाहीत.’ पुढच्या बाजूला, संघटनेचं नाव खोडून माझं घाला — वैशाली मगदूम. आणि शेजारच्या घरात वाचायला द्या.