लेस्टरहून आणलेले झगेवाले टोमॅटो

थांबा हो, आडनाव काय विचारताय? आधी भाजी तर बघा! हिरवी, गोल, अंगात कागदी झगा. नाही, हे कच्चे टोमॅटो नाहीत. टोमॅटिलो म्हणतात यांना. तुम्हाला मिळवायचे असतील तर मी लेस्टरला कसा गेलो ते सांगतो. पण मध्ये बोलायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी कॉलेज संपवून लंडनच्या पिनर भागात मीनामावशीच्या चिमुकल्या बॉक्सरूममध्ये पडून होतो, कादंबरी लिहितोय असं सांगत. आदल्या वर्षी मराठी मंडळाच्या जेवणात मावशीने आंबट कुकिंग ॲपलची चटणी हिरव्या टोमॅटोची म्हणून खपवली होती. मंडळातल्या सुलभाताईंनी बोट चाटलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मीना, जॅम छान झालाय हो." झालं. वर्षभर मावशी मंडळात गेली नाही. आता यंदाचं जेवण आमच्याच घरी होतं.

"खरे हिरवे टोमॅटो आण," मावशी म्हणाली. "नाहीतर मी त्या दिवशी आजारी पडते."

आपल्याकडची भाजी मिळायची तर लेस्टरलाच, म्हणून शनिवारी व्हिक्टोरियाहून तिथली कोच, म्हणजे लांबची बस, पकडली. ट्रेन लवकर पोचते, पण माझ्यासारख्याने कोचनेच जावं. खिडकीतून तीन तास एमवन हायवे बघायचा, म्हणजे काहीच बघायचं नाही. लेस्टरला पोचलात की देशी दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर आधी गरम कचोरी खा, मग दुकानं फिरा. मी पाच दुकानं फिरलो. एक दुकानदार हसला, "भाई, यहाँ लाल होने तक रुकते हैं."

शेवटी कॉलेजमधल्या प्रीतीला फोन लावला. ती लेस्टरचीच, जन्मापासून. "चल, बाबांचा अलॉटमेंट दाखवतो तुला," ती म्हणाली. तिच्या मराठीत ती कधी मुलगा असते, कधी मुलगी. अलॉटमेंट म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने मिळणारा मळ्याचा तुकडा. तिचे बाबा, कांबळेकाका, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते आणि सुट्टीला इथे चिखलात.

"हिरवे टोमॅटो संपले. हे घेऊन जा," म्हणत त्यांनी एका फळाचा झगा उघडला. बी एका मेक्सिकन नर्सने दिलेलं. "झगा कोरडा हवा आणि फळाने गच्च भरलेला. सैल असेल तर अजून तयार नाही. दाबून बघ, टणक पाहिजे. पिवळं पडलेलं नको, गोडसर लागतं. हाताला चिकटतं ना? चिकटू दे. झग्यासकट कागदी पिशवीत, फ्रिजमध्ये खाली ठेव. झगा काढायचा आणि धुवायचं, ते फक्त करायच्या वेळी. आणि चिंच घालू नको, आधीच आंबट असतं."

मळ्यात याची दोनच झाडं होती, अगदी शेजारी शेजारी. "दोन कशाला?" मी विचारलं.

"एकट्याला फळच धरत नाही. शेजारी दुसरं लागतं."

मी जोशात म्हटलं, "काका, मंडळाच्या जेवणाला तुम्ही आणि प्रीती या!"

काका दोन पिशव्या भरून देत हसले. "आधी मावशीला विचार."

घरी आल्यावर मावशीने विचारलंच. "कोण काका? आडनाव काय?" मी सांगितलं. तिने एक पिशवी सिंकमध्ये उलटी करून नळ सोडला. बाहेरून आलेली भाजी घरात आली की धुवायची, हा तिचा नियम जुना. पण त्या दिवशीसारखं तिने फ्लॉवरलासुद्धा घासलं नव्हतं. झगे सोलून कचऱ्यात गेले. दुसरी पिशवी मी गुपचूप फ्रिजच्या खालच्या खणात सरकवली.

गुरुवारी बघतो तर धुतलेले सगळे बुळबुळीत, काळे डाग पडलेले. मावशी रडायच्या बेतात. मी माझी पिशवी काढली. झग्यातले सगळे टणक! मग काय, रविवारी सकाळी करायच्या वेळी धुतले, फोडी तव्यावर डाग पडेपर्यंत भाजल्या, लसूण, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, चिमूटभर गूळ. चिंच नाही. तुम्हीही असंच करा.

दुपारी सुलभाताईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. "मीना, अगं माझ्या आईच्या हातची आठवली गं! कुठून आणलेस टोमॅटो?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मग पदर सारखा केला. "बेसिंगस्टोकला ना, एक नवीन सुपरमार्केट झालंय."

बेसिंगस्टोक! मावशी जन्मात तिथे गेलेली नाही.

काय उरलं म्हणता त्या प्रवासाचं? चटणीची अर्धी बरणी. ती मी टेबलावरून उचलली. "लेस्टर," मी म्हटलं. "कांबळेकाकांच्या मळ्यातले आहेत. त्यांना जेवायला बोलवायचं राहिलंय, म्हणून जेवणच नेतोय."

सुलभाताईंचा घास हातातच होता. मावशीने तोंड उघडलं. तोवर मी कोट घातला होता. झाकण घट्ट लावलं आणि दार ओढून घेतलं. लेस्टरची साडेतीनची कोच होती.