शिट्टी झालीच नव्हती

९ नोव्हेंबर, शनिवार. लेथखालच्या ट्रेमध्ये साठलेला कीस काढायला घेतला आहे. दिवाळीच्या आवराआवरीत हे काम राहून गेलं. पितळेचा कीस एका डब्यात, लोखंडाचा दुसऱ्यात, आणि तेलात भिजून ज्याचा गोळा झालाय तो कचऱ्यात. अर्ध्या तासाचं काम. पण दोनदा उठून हात धुतले, आणि आता ते तसंच टाकून वही पुढ्यात घेतली आहे. जे लिहिणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय.

सकाळी वहिनींचा फोन आला होता. वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ, शैलावहिनी. नाशिक रोडला राहतात. इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या की आता घरी दुसरं कुणी नसलं की गॅसचं रेग्युलेटर काढून कपाटात ठेवतात आणि कपाटाची किल्ली भाऊजी बरोबर नेतात. भाऊजी म्हणजे त्यांचे यजमान, माझे मोठे दीर. मला वाटलं, त्या तक्रार करताहेत. तसं नव्हतं.

“मीच म्हटलं त्यांना, काढून ठेवत जा. माझा काय भरवसा.”

मी काय म्हणाले? मी म्हणाले, बरं केलंत.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वय त्रेपन्न. अंबडच्या एका लहान कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. लोकांनी केलेला पार्ट मोजायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका. लाल ठिपक्याचा पार्ट कुणी मालकाच्या हातापाया पडून पुढे नेऊ शकत नव्हतं. कारखाना हलला तेव्हा तिथला एक जुना छोटा लेथ, म्हणजे धातू गोल फिरवून कापायचं यंत्र, मी घरी आणला. पाथर्डी फाट्याला आमचं रो-हाऊस आहे, त्याच्या पार्किंगमध्ये बसवला. स्कूटर तेव्हापासून रस्त्यावर. बायका बाग करतात, मी लोखंड कापते — इतकंच. दाराच्या मुठी केल्या, वस्तू घट्ट धरायचा एक हाताएवढा व्हाइस केला, सगळ्या नातेवाइकांना स्टीलची लाटणी दिली. भाऊजी त्याला मंदाचं खेळणं म्हणायचे. कुणी आलं की त्यांना सांगायचे, हिच्याकडे जाऊ नका, तुम्हालाही गोल करून पाठवेल. सगळे हसायचे. मीही हसायचे. पण ते मला लागायचं, हे आज लिहून टाकते.

वहिनींचा कुकर त्यांच्या लग्नातला. जाड, जुन्या घडणीचा, आता त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. त्याची शिट्टी झिजून झिजून भलत्या वेळी फुसफुसायला लागली. दुकानातल्या शिट्ट्या त्यावर नीट बसेनात. वहिनींना कुकर टाकवेना. मीच म्हणाले, आणा इकडे, मी करून देते. कुणी मला सांगितलं नव्हतं.

कुकरची शिट्टी म्हणजे नुसतं वजन. तिच्या पोटात एक छोटा शंकू असतो, तो झाकणावरच्या नळीच्या भोकात बसतो. वाफ वाढली की शंकू उचलला जातो, वाफ सुटते, आवाज होतो. वजन मी बरोबर साधलं, मूळ शिट्टीशी तराजूवर जुळवून. चूक शंकूत झाली. त्याचा उतार मी फार हळू ठेवला, जवळजवळ सरळ दांडीसारखा. हळू उताराचा शंकू भोकात रुतून बसतो, जसं बाटलीचं बूच. आम्ही लेथवर ड्रिल बसवतो ते असंच, नुसतं दाबून. काढायला हातोडी लागते. हे मला माहीत नव्हतं का? रोज हाताखालून जाणारी गोष्ट होती. घरी पाणी घालून लावून बघितली, छान वाजली. मग दिसायला सुंदर हवी म्हणून शंकूसकट सगळी शिट्टी पॉलिश पेपरने आरशासारखी केली, आणि परत न लावता डबीत घालून दिली. शेवटचा हात फिरवल्यावर पुन्हा तपासायचं, हा माझा नियम. त्यासाठी मी माणसांना सगळ्यांदेखत बोललेली आहे. पॉलिश केलेला शंकू आणखी घट्ट धरतो, हे वेगळं सांगायला नको.

तीन आठवडे ती वाजत होती. सगळ्यांना दाखवून झाली. भाऊजी पहिल्यांदा म्हणाले की खेळणं कामाचं निघालं. आणि मग एक दिवस वहिनी सहज म्हणाल्या की शिट्टी हल्ली कधी कधी उशिरा होते गं.

त्या क्षणी मला कळलं. लगेच, नीट, आकृती काढून दाखवता आली असती इतकं स्वच्छ कळलं. रोज वापरून नळीचं भोक शंकूला घासून जुळत चाललं होतं आणि पकड दिवसेंदिवस घट्ट होणार होती. मी काय बोलले असेन? मी म्हणाले, तुम्ही गॅस बारीक ठेवत असाल.

वहिनी म्हणाल्या, असेल.

इतक्या लवकर मानलं त्यांनी. माझ्या मोजण्यावर घरात सगळ्यांचा विश्वास होता, त्यात सगळ्यात जास्त त्यांचा. पुढच्या रविवारी शिट्टी मागून आणेन, काहीतरी निमित्त सांगेन, गुपचूप नीट करून देईन, असं मी ठरवलं. एक रविवार गेला. दुसरा गेला. तोंडाने कबूल न करता ती परत कशी मागायची, हेच सुचेना. आणि वाजतेय तोवर वाजतेय, असंही वाटायचं. रात्री भांडी घासताना शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली की मी हात थांबवून दुसरीची वाट बघायचे.

तेरा एप्रिलची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी जयंती, वहिनींकडे दरवर्षी पन्नासेक माणूस जेवायला, म्हणून आदल्या दिवशीच पुरण करायचं असतं. मी मदतीला गेले होते. वहिनींनी हरभऱ्याची डाळ कुकरला लावली आणि त्या ओट्यापाशीच वेलदोडे सोलत होत्या. मी आणि त्यांची सून बाहेरच्या खोलीत पत्रावळी मोजत होतो. भाऊजी टेबलावर चढून निळ्या पताका लावत होते. मला ती डाळ लावल्याचं माहीत होतं. मी कान देऊन होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. शिट्टी झाली नाही. हातात पत्रावळी तशाच. मी उठायला हवं होतं. उठून आत जाऊन गॅस बंद करायला चार पावलं. मी उठले नाही, कारण उठले असते तर का उठले ते सांगावं लागलं असतं.

मग झाकणाचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. आवाज बंदुकीसारखा. उकळती डाळ छताला लागून खाली आली. वहिनींच्या डाव्या हातावर, मानेवर.

पाण्याखाली हात धरून त्या एकच वाक्य म्हणत होत्या. रडत नव्हत्या. “शिट्टी झालीच नाही गं. मी इथेच होते. झालीच नाही.”

भाऊजी घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस आधी चिडतो. ते म्हणाले की गॅसवर ठेवून विसरली असशील, आटलं असेल पाणी. मग त्यांची नजर त्या चकचकीत पितळेवर गेली. ही नवी शिट्टी तर नव्हे कारण, असं त्यांनी मला विचारलं. सरळ विचारलं, टोमणा नव्हता. वहिनींनीही माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, “शिट्ट्या झाल्या की. दोन मी ऐकल्या.”

हे ते वाक्य. साडेपाच वर्षं झाली.

सुनेने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, हो, मलाही वाटतं झाल्या. तिच्यावर माझा राग नाही. तिला खरंच तसं वाटलं असणार. मी म्हणतेय म्हटल्यावर झाल्याच असणार. वहिनींनी नळ आणखी मोठा सोडला. त्यांचा चेहरा मला आठवतो, पण त्याचं वर्णन करून स्वतःला बरं वाटून घ्यायचं नाही.

सगळे त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. ओटा आवरायला मी थांबले, आणि सगळ्यांना ते चांगुलपणाचं वाटलं. मी कुकर उघडला. तळाशी चार बोटं पाणी होतं. काही आटलेलं नव्हतं. वहिनी म्हणत होत्या तेच खरं होतं. ते पाणी मी मोरीत ओतलं. शिट्टी नळीत इतकी रुतली होती की हाताने निघेना. मीच दिलेल्या स्टीलच्या लाटण्याने ठोकून काढली. भाऊजी परत आल्यावर म्हणाले, उद्या ही लावून बघायला पाहिजे. मी म्हणाले, मी घरी नेऊन नीट तपासते, सकाळी घेऊन येते. तपासणं माझंच काम, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पुढचं सांगते, मग दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडे येते.

हात महिन्याभरात बरा झाला. वहिनी मात्र कुकरसमोर दोन वाट्या घेऊन उभ्या राहायला लागल्या. एका वाटीत चिंचोके. शिट्टी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. तरी सुनेला हाक मारून विचारायच्या, झाली ना गं? घरात त्याची चेष्टा सुरू झाली. नातवंडंही म्हणायची, आजी, शिट्टी झाली. न झालेलीसुद्धा झाली म्हणून सांगायची आणि आजी चिंचोका टाकायची. मग कान तपासले. रिपोर्ट आला, कान उत्तम. तुम्हाला वाटेल, सुटल्या. उलट झालं. कान चांगले असूनही ऐकू येत नाही, म्हणजे डोक्यातच काहीतरी आहे, असं सगळ्यांनी धरलं. वहिनींनीही.

कॉलनीतल्या विहारात रविवारची वंदना त्याच घ्यायच्या, पुस्तक न उघडता, वीस वर्षं. एका रविवारी मध्येच थांबल्या आणि मागे वळून विचारलं, हे म्हटलं का आपण? पुढच्या रविवारपासून त्यांनी पुढे बसणं सोडलं. नातवाला त्यांच्यावर सोपवून बाहेर जाणं सुनेने बंद केलं, तेही हळूच, त्यांना वाईट वाटू नये अशा बेताने. मग झोप जायला लागली. मग कुणीतरी गोळी लिहून दिली. गोळीने त्या दुपारभर पेंगतात, आणि पेंगताना खरंच विसरतात. गेल्या महिन्यात दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि त्या शेजारीच खुर्चीवर होत्या. आता यातलं वयाचं किती, गोळीचं किती आणि माझं किती? मला काहीही मोजता येतं अशी माझी ख्याती आहे. हे येत नाही.

मध्ये सांगण्याच्या वेळा आल्या नाहीत असं नाही. कान तपासायला मीच त्यांच्याबरोबर गेले होते, बाहेरच्या बाकावर आम्ही दोघीच तास-दीड तास होतो. त्यांनी माझा हात धरला होता. मी मोबाइलमध्ये लेथच्या बेल्टची साईज बघत बसले.

आता ती सकाळ.

चौदा एप्रिलला मी साडेपाचला उठले. पार्किंगचा दिवा लावला, शिट्टी लेथच्या पकडीत, चकमध्ये धरली आणि शंकूचा उतार बदलून घेतला. चांगला तिरका, जसा पहिल्यापासून हवा होता. तराजूवर ठेवली, जेवढं कापलं गेलं तेवढं वजन भरायला वरच्या टोकाला पितळेची एक बारीक चकती बसवली. शंकूला पॉलिश केलं नाही. हाताचं काळं निघेपर्यंत घासून आंघोळ केली, पांढरी साडी नेसले आणि आठच्या आत नाशिक रोडला पोचले.

भाऊजींनी रात्रीच दुकानातून कुठल्याही कुकरला चालणारा नवा सेफ्टी व्हॉल्व्ह आणून झाकणाला बसवला होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे पांढऱ्या कपड्यांत, स्वयंपाकघराच्या दारात गर्दी. वहिनींना खुर्ची देऊन ओट्यासमोर बसवलं होतं, हात कोपरापर्यंत बांधलेला. मी सगळ्यांना सांगितलं की शिट्टी तपासली, त्यात दोष नाही. भाऊजी म्हणाले, लावून दाखव, म्हणजे हिचंही समाधान होईल. मी कुकरमध्ये पाणी घातलं, शिट्टी लावली, गॅस पेटवला.

“मोज गं,” भाऊजी वहिनींना म्हणाले.

सहा मिनिटांत पहिली झाली. खणखणीत. दारातलं कुणीतरी हसलं. वहिनींनी मोठ्याने म्हटलं, एक. मग दोन. मग तीन. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात, माझी समजूत काढावी तसं, म्हणाल्या, “वाजते गं, मंदा. माझंच काहीतरी चुकलं असणार.”

मी गॅस बंद केला, वाफ जिरेपर्यंत थांबले, कुकर धुतला आणि पुरणाची डाळ लावली.