नझीरने मागितलेली रायफल

गेली सहा वर्षं मी इथे आखातात, अल मवालेहमधल्या एका भारतीय शाळेत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. राहतो जवळच्याच सीबला. त्याआधी फौजेत होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. शाळेत माझ्या हाताखाली सात गार्ड आहेत. शस्त्र एकाकडेही नाही. वॉकीटॉकी, टॉर्च आणि रजिस्टर, एवढंच. सकाळी सहा चाळीसला पहिली बस येते, सव्वासातला गेट बंद होतं.

मध्यंतरी परदेशातल्या एका शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली. इथे तसं काही घडलेलं नाही, तरी पालक धास्तावले. प्रिन्सिपल मॅडमनी शनिवारी सकाळी दहाला बैठक बोलावली. इथल्या पोलिसांचा एक तरुण लेफ्टनंटही आला होता. त्याला हिंदी बऱ्यापैकी समजत होतं.

इरफानभाई मूळचे दापोलीचे. मवालेहच्या मार्केटात त्यांचा फळांचा धंदा आहे, दोन मुली आमच्या शाळेत आहेत. ते उठले. "सुभेदार, तुम्ही फौजेतले. गेटवर एक बंदूकवाला उभा केला की खलास. बरोबर ना?"

जे कधी घरीही सांगितलं नव्हतं ते त्या दिवशी तिथे सांगितलं.

मी तेव्हा हवालदार होतो. आमची कंपनी उत्तरेकडच्या एका डोंगराळ जिल्ह्यात होती. गावाचं नाव लिहीत नाही. माझ्या सेक्शनमध्ये आठ जवान. रोज पहाटे रस्ता तपासायचा, मग संध्याकाळपर्यंत त्यावर पहारा द्यायचा. गावातल्या शाळेसमोर पोलिसांची एक चौकी होती आणि चौकीत बहुतेक वेळा एकच माणूस असायचा. हेड कॉन्स्टेबल नझीर अहमद. पन्नाशी ओलांडलेला, गुडघे दुखणारा. शिट्टी वाजवून ट्रक थांबवायचा आणि पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा. कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की ओरडायचा. मला 'उस्ताद' म्हणायचा.

त्याच्याकडे जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल होती. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी गोळी. एकदा मी विचारलं, शेवटचा फायर कधी केला? म्हणाला, "दोन वर्षं झाली. पाच राऊंड." चौकीसाठी एक कार्बाइन, म्हणजे आखूड ऑटोमॅटिक बंदूक, मंजूर होती, पण ती जिल्ह्याच्या पोलीस लाइनीत कुलपात असायची. बुलेटप्रूफ जॅकेट एकच होतं, तेही कुणा साहेबाच्या बंदोबस्ताला गेलेलं.

त्या दिवशी सकाळी १०.३५ ला फायरिंगचा आवाज आला. ऑटोमॅटिक. आम्ही एक किलोमीटरवर होतो. पळत निघालो. १०.४३ ला शाळेच्या मागच्या भिंतीशी पोहोचलो. नझीर आधीच तिथे होता, धापा टाकत. म्हणाला, आत एक जण शिरलाय, दुसरा असेल तर ठाऊक नाही.

मी रेडिओवर कंपनी कमांडरला रिपोर्ट दिला.

"कॉर्डन लगाओ. अंदर कोई नहीं जाएगा. टीम पंधरा मिनट में पहुँचेगी. ओव्हर."

"सर, अंदर फायर चालू है. ओव्हर."

"कॉर्डन. आउट."

वेढा घालून थांबायची ऑर्डर चुकीची नव्हती. दुसरा हल्लेखोर बाहेर दबा धरून बसल्याचे प्रकार आधी झाले होते. मी जवानांना चारी बाजूंना लावलं. आतून पुन्हा गोळ्यांचा एक बर्स्ट आला. मग एका मुलीचा आवाज. तो मध्येच थांबला.

नझीर माझ्या एके-४७ रायफलीकडे बघत होता.

"उस्ताद, तुम्हारी वाली दे दो. मैं जाता हूँ."

"नहीं दे सकता."

"तो तुम चलो."

"ऑर्डर नहीं है."

त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं झालं असतं. तो नुसता 'ठीक है' म्हणाला. गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली, वाजू नये म्हणून. मग वाकून, एक हात गुडघ्यावर ठेवत, मागच्या दाराने आत गेला.

आधी एक बर्स्ट ऐकू आला. त्यानंतर थ्री-नॉट-थ्रीचा एकच जड आवाज. मला वाटतं, त्यानंतर मी बोल्टचा आवाज ऐकला. तेवढ्या अंतरावरून तो ऐकू येणं शक्य नाही, हे मला कळतं. मग लांब बर्स्ट. मग काही नाही.

१०.५१ ला मी ऑर्डरशिवाय आत गेलो. व्हरांड्यात हल्लेखोर भिंतीला टेकून उभा होता. नझीरची गोळी त्याच्या खांद्याला लागली होती आणि तो एका हाताने मॅगझिन बदलायची खटपट करत होता. मी दोन गोळ्या झाडल्या. तो एकटाच होता. नझीर तिसरीच्या वर्गाच्या उंबऱ्यावर आडवा पडला होता. बोल्ट अर्धा मागे ओढलेला. वर्गात बाकांखाली सव्वीस मुलं होती. सगळी जिवंत. शेजारच्या वर्गात मात्र तिथल्या बाई आणि दोन मुली मारल्या गेल्या होत्या.

चौकशी झाली. बटालियनच्या सीओ साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, "कॉर्डन किती वाजता तोडलं?" मी वेळ सांगितली. त्यांनी फाइल मिटली. मला शिक्षा झाली नाही.

मी एवढं सांगून थांबलो. मग इरफानभाईच म्हणाले, "म्हणजे गेटवर बंदूक नकोच?"

"दोन वर्षांपूर्वी शेवटच्या पाच गोळ्या झाडलेल्या माणसाच्या हातात नको, भाई. पोरांच्या गर्दीत तर नकोच नको."

मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्यांचा मुलगा तिसरीत आहे. "पण सर, ती जुनी का होईना, बंदूक होती म्हणूनच ना तिसरीची मुलं वाचली?"

"हो," मी म्हटलं.

लेफ्टनंटने वही उघडली. त्याने विचारलं, सगळ्यात आधी जी पोलीस गाडी पोहोचेल, तिच्यात काय हवं?

मी सांगितलं. आखूड रायफल, आणि ती गाडीतच हवी, दूरच्या कुलपात नको. दहा सेकंदांत डोक्यावरून चढवता येईल असं जॅकेट. दार फोडायला काहीतरी. रक्त थांबवायच्या पट्ट्या. दर महिन्याला सरावासाठी पुरेशा गोळ्या, कारण सराव नसेल तर नवी रायफलही नझीरच्या रायफलीसारखीच. आणि या सगळ्याच्या आधी परवानगी. जो पहिला पोहोचेल त्याने रेडिओवर विचारत बसायचं नाही, आत जायचं. ही ऑर्डर त्याला आज, इथे बसून देऊन ठेवा. माझ्याकडे सामान सगळं होतं, परवानगी नव्हती. नझीरला कुणी अडवलं नाही, पण त्याच्या हातात कामाचं हत्यार नव्हतं. आम्हा दोघांचा मिळून एक धड पोलीस झाला असता.

त्याने सगळं लिहून घेतलं. "इन्शाल्ला," म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात मुलांना सुट्टी असताना शाळेच्या जिन्यांची मापं घ्यायला येतो म्हणाला. आला. त्याच्याबरोबर दोन शिपाई होते. तिघांनी मिळून प्रत्येक दार उघडून-मिटून पाहिलं.

एक गोष्ट मी बैठकीत सांगितली नाही.

नझीरच्या दफनानंतर चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने चहा दिला. जमिनीवर बसली. मग विचारलं, "आख़िर में आप साथ थे. उन्होंने कुछ माँगा तो नहीं था? पानी-वानी?"

मी म्हटलं, "नहीं, बहनजी. कुछ नहीं माँगा."

तिला बरं वाटलं. तिने मला गल्लीच्या टोकापर्यंत सोडलं. तेव्हापासून कुणी जुना फौजी भेटला आणि शहीद झालेल्यांची नावं निघाली की मी आमच्या बटालियनच्या जवानांची नावं घेतो, आणि शेवटी नझीर अहमदचं. पुष्कळदा समोरचा विचारतो, हा कुठल्या कंपनीचा? मी सांगतो, पोलिसातला होता. माझ्या आधी आत गेला.