दीड हातावरचे काटे

“उंची किती? आकडा सांग की, बहिरा झाला का काय?” पायलटअण्णा माझ्या कानात ओरडत होते. दोन माणसांचं विमान, खाली चिकलठाण्याचा विमानतळ काडेपेटीएवढा, आणि पट्टा असा आवळलेला की सकाळचे पोहे दोनदा गळ्याशी येऊन परत गेले. मी उंची वाचून सांगितली. “आता वेग.” तोही सांगितला. मग त्यांनी इंधन विचारलं आणि माझ्या ध्यानात आलं. अण्णांना समोरच्या तबकड्यांवरचे काटे दिसतच नव्हते. दार उघडून उतरायची सोय नव्हती.

अण्णा शेंद्र्याचे. जमीन कारखान्यांत गेली तेव्हा बाकीच्यांनी जीपगाड्या घेतल्या; अण्णा पन्नाशीत विमान शिकले. आवाज असा की धावपट्टीवर शिंकले तर दौलताबादची माकडं किल्ला सोडून पळावीत. दुष्काळात टँकरच्या रांगेतली माणसं विचारत, “अण्णा, वर ढग हायेत का?” अण्णा म्हणत, “हायेत की, लई हायेत. आपल्या तालुक्याचा पत्ता हरवलाय त्यांच्याकडनं.”

त्यांच्या दिलदारीचा सगळ्या शहरात डंका होता. दर रविवारी कुणालातरी सोबत नेत आणि वर काटे वाचायचा मान देत. त्यांचे व्याही एकदा उंची वाचून आले, ते आठवडाभर जमिनीला पाय लावेनात. मीही त्या रविवारी त्याच तोऱ्यात बसलो होतो. गुलमंडीवर माझं चष्म्याचं दुकान. अण्णांचा नंबरचा गॉगल माझाच. त्यातून त्यांना लांबचा डोंगर दिसे. वाचायचा चष्मा मी पेपर हातात देऊन तपासला होता, तोही फक्कड. काटे मात्र दीड हातावर, दोन्हींच्या मधल्या ओसाड मुलखात. विमानवाल्याची नजर पेपरावर तपासणारा शहाणा मीच.

मी आकडे ओरडत गेलो, अण्णांनी तीन उड्या मारत विमान उतरवलं.

“ह्या नजरेनं आता उडायचं नाही,” मी म्हणालो. “महिन्यानं परवान्याची डॉक्टरी तपासणी आहे, तिथं खरं सांगा. चष्मा लिहून घ्या.”

“गॉगल चालतो. विमानवाल्याला चष्मा? गाव हसंल रे.” मग आवाज एकदम उतरला. “दोन वर्ष झाली, एकटा वर गेलो नाय. माणूस नाय भेटला की रविवार खाली. घरात कोंडल्यावानी होतं.”

मी टेप घेऊन उभ्या विमानात शिरलो. त्यांच्या नाकापासून प्रत्येक काट्यापर्यंत मापं घेतली आणि तीन नंबरांची काच बनवली: वर डोंगर, मधे काटे, खाली नकाशा. फ्रेमसाठी अण्णा दुकानात कानांवर हेडफोन चढवून आरशासमोर बसले. जाड काडी हेडफोनखाली रुतायची, म्हणून अकरा फ्रेमी नापास. उन्हाची चकाकी कापणारी काळी काच त्यांना फार आवडली होती. पण त्या काचेतून मान तिरकी केली की काट्यांशेजारच्या छोट्या पडद्यावरचे आकडे गायब होतात, हे मी दुकानातल्या संगणकावर दाखवलं. “म्हंजे पुन्हा तुलाच न्यावं लागंल,” म्हणत त्यांनी ती ठेवून दिली. शेवटी तारेसारख्या काड्यांचा, मास्तरांना शोभेल असा चष्मा ठरला. एक डोळ्यावर, दुसरा जादा म्हणून खिशात, विमानवाल्यांना नियमच तसा.

तपासणीत त्यांनी सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर चष्मा लिहिला आणि पास केलं.

पुढच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून, मुद्दाम उपाशीपोटी, विमानापाशी हजर. अण्णा आत बसून एकेक काटा मोठ्यानं वाचत होते, पहिलीतलं पोर अक्षरं वाचतं तसे. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

“अण्णा, येऊ का सोबत?”

त्यांनी दार ओढून घेतलं.

“नको. वजन वाढतं.”